एनिडबाईंच्या तेलातले मेंथॉल

मित्रांनो, माझे नाव लांब आहे आणि वयही बरेच झाले आहे. गॅस क्रोमॅटोग्राफ-मास स्पेक्ट्रोमीटर असे ते जोडनाव. प्रयोगशाळेत मला नुसते जीसीएमएस म्हणत. सध्या मी जिथे राहतो तिथे मला 'नाकाड्या' म्हणतात, आणि खरे सांगायचे तर तेच मला जास्त शोभते. जन्मभर मी वास घेण्याचेच काम केले. जुनी यंत्रे आपले पराक्रम सांगत बसतात, तसे मीही सांगेन, पण थोडक्यात. मला मुख्य म्हणजे एक कबुली द्यायची आहे. माझ्यामुळे एका भल्या बाईच्या नावाला बट्टा लागला. ती आठवण आली की मी बटण न दाबताच तापतो.

माझे काम कसे चालते ते आधी ऐका, म्हणजे चूक कुठे झाली ते नीट कळेल. तेलाचा, अत्तराचा किंवा औषधाचा एक थेंब सुईने माझ्या तोंडात सोडतात. तोंडात पेन्सिलीएवढी एक काचेची नळी असते. तिथे मी इतका तापलेला असतो की थेंबाची क्षणात वाफ होते. हेलियम वायू ती वाफ पुढे ढकलत नेतो. पुढे माझ्या पोटात केसासारखी बारीक आणि तीस मीटर लांब नळी वेटोळे घालून बसलेली आहे. थेंबात पन्नास पदार्थ मिसळलेले असले, तरी त्या नळीतून जाताना कोणी पुढे पळतो, कोणी रेंगाळतो, आणि शेवटी ते एकेकटे बाहेर पडतात. बाहेर पडला की मी त्याचे तुकडे करतो, तुकड्यांची वजने करतो आणि संगणकातल्या यादीशी ताडून त्याचे नाव पडद्यावर लिहितो. ते नाव शंभरपैकी किती जुळले, याचा आकडाही पुढे देतो. हा आकडा माणसांना फार आवडतो.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. तिथून मला जहाजाने मेलबर्नला आणले आणि एका प्रयोगशाळेत उत्तेजक औषध सापडते का म्हणून शर्यतीच्या घोड्यांचे मूत्र तपासायला बसवले. हसू नका. उमेदीची अकरा वर्षे मी तेच केले आणि मान मिळवला. एकदा तर माझ्या एका कागदामुळे एका नामांकित घोड्याचे बक्षीस काढून घेतले गेले आणि माझा फोटो वर्तमानपत्रात छापून आला. तेव्हा मला वाटू लागले की मी जे म्हणेन तेच खरे. ही घमेंड पुढे महागात पडली. मला नव्हे, दुसऱ्याच कोणाला.

मग नवी, माझ्या निम्म्या आकाराची यंत्रे आली. मला तळघरात ढकलले. माझ्या डोक्यावर कोणीतरी प्लास्टिकचे नाताळचे झाड ठेवले. डिसेंबरात ते झाड घेऊन जात आणि जानेवारीत परत आणून ठेवत. असे सहा नाताळ गेले. त्या सहा वर्षांत माझ्याकडे कोणी पाहिले असेल, तर ते त्या झाडासाठीच.

शेवटी माझा लिलाव झाला. 'चालू आहे की नाही माहीत नाही, वायर हरवली आहे' अशी माझी जाहिरात होती. मला घ्यायला फक्त एक माणूस पुढे आला. त्याचे नाव मर्व्हिन टकवेल. एकोणसत्तर वर्षांचा, उंच, खांद्यात वाकलेला. व्हिक्टोरिया राज्याच्या उत्तरेकडे, जिथे बुटक्या निलगिरीचे रान मैलोन्मैल पसरले आहे, तिथल्या ब्रॅनिगन्स वेल नावाच्या गावाहून तो चार तास गाडी हाकत आला होता. गाडीच्या मागच्या हौद्यात त्याने डबल बेडची एक गादी अंथरली होती आणि मला तिच्यावर निजवले. ती गादी त्याची आणि नोरीनची, म्हणजे त्याच्या वारलेल्या बायकोची होती, हे मला पुढे कळले.

मर्व्हने पंधराव्या वर्षी शाळा सोडली आणि लोण्याच्या कारखान्यात नोकरी धरली. तिथे एकेचाळीस वर्षे त्याने दुधातली चरबी मोजली. रोज त्याच बाटल्या आणि तेच आकडे. त्याला रसायनशास्त्र शिकायचे होते. कारखान्यातले शिकलेले साहेब त्याला 'दूधवाला' म्हणत. निवृत्त झाल्यावर त्याने पुस्तके आणली आणि इंटरनेटवर आपल्यासारख्या हौशी लोकांना गाठले. त्यांची पत्रे वाचून वही भरली आणि एक दिवस मला घेऊन आला.

त्याने मला गावाच्या शेडमध्ये ठेवले. आगीच्या बंबाच्या ठाण्यामागे ही पत्र्याची शेड आहे. निवृत्त पुरुष मंगळवारी आणि गुरुवारी तिथे जमतात, मोडक्या खुर्च्या दुरुस्त करतात आणि त्याहून जास्त वेळ चहा पितात. मला चौघांनी उचलून आत आणले, तेव्हा दारात कोस्टा उभा होता. कोस्टा व्लाहोस म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानाचा ग्रीक मालक, मर्व्हचा जिवलग आणि गावाचा फुकट रेडिओ.

"हे काय, चर्चमधला पियानो उचलून आणलास?"

"याला हात लावू नकोस, कोस्टा. हे नाक आहे."

"नाक? एवढं मोठं? मग याला सर्दी झाली तर रुमाल कोण पुरवणार?"

त्या दिवसापासून मी नाकाड्या झालो.

हौशी माणसाच्या हाती पडण्यात काय हाल असतात ते मी सांगतो, पण कुरकुर म्हणून नव्हे. मर्व्हने मला पहिल्यांदा हेलियम दिला तो फुग्यात भरायचा. त्याच्या बाटलीवर टोप्या घातलेल्या मुलांचे चित्र होते. "वाढदिवस कोणाचा?" कोस्टाने विचारले. त्या हेलियममध्ये हवा मिसळलेली होती. माझ्या पोटात हवेचा कणही चालत नाही. दोन आठवड्यांत माझ्या आतली तार जळाली. सुदैवाने मला तशा दोन तारा असतात. मर्व्हने डोके धरले, वहीत लिहिले 'फुग्यांचा हेलियम कधीही नाही' आणि शुद्ध वायू आणला. पंपाच्या धुराला त्याने खिडकीबाहेर जाणारी नळी बसवली. गळती शोधण्यासाठी प्रत्येक जोडावर तो कान लावून बसे. संगणक माझ्याच वयाचा, अडेलतट्टू. त्याच्याशी तो आजारी पोराशी बोलावे तसे बोलत असे.

आणि एका गुरुवारी त्याने संत्र्याची साल पिळून, पातळ करून माझ्या तोंडात थेंब सोडला. पडद्यावर डोंगरासारखी एक रेघ उभी राहिली. मी संत्र्याच्या वासाचे नाव लिहिले: लिमोनीन, ९६. मर्व्हने ते तीनदा वाचले. मग तो चष्मा पुसायला बाहेर गेला आणि बराच वेळ आला नाही. मित्रांनो, वर्तमानपत्रातल्या फोटोपेक्षा मला तो दिवस मोठा वाटतो.

हळूहळू गाव येऊ लागले. कोणी लव्हेंडर आणले, कोणी मधाची बाटली. 'दूधवाल्या'ला लोक आधी चेष्टेने 'डॉक्टर' म्हणू लागले, मग चेष्टा गळाली. मर्व्ह ताठ बसायला लागला. मीही.

आता एनिडबाईंबद्दल सांगतो. एनिड हॅरोप शहात्तर वर्षांच्या. गावाबाहेर त्यांची निलगिरीच्या तेलाची भट्टी होती, आजोबांनी बांधलेली. पाला कापायचा, टाकीत दाबून भरायचा, खालून वाफ सोडायची आणि वर तरंगलेले तेल काढून घ्यायचे, एवढेच त्यांचे शास्त्र. वारा त्या बाजूने असला की सकाळी शेडमध्ये पाल्याचा वास येई. गावातल्या प्रत्येक घरात त्यांची निळी बाटली होती. दर ऑक्टोबरात गावाचे शेतकी प्रदर्शन भरते. तिथे तेलाच्या स्पर्धेत पहिल्या नंबराची निळी फीत त्यांनाच मिळे, आणि इतरांना त्यात काही वावगे वाटत नसे. नोरीन आजारी होती त्या वर्षी एनिडबाई दर मंगळवारी येऊन तिचे पाय चोळून देत. हे मर्व्हनेच मला सांगितले. एकटा असला की तो माझ्याशी बोलत असे.

त्या वर्षी प्रदर्शनाच्या समितीने ठरवले की तेलाची परीक्षा या वेळी नाकाने नको, नाकाड्याने करावी. मर्व्हला केवढा आनंद झाला! ठरल्या दिवशी शेडमध्ये पंचवीस-तीस माणसे जमली. बायकांनी बशांमधून लोणी लावलेले गरम स्कोन, म्हणजे छोटे पाव, आणले होते. टेबलावर तीन बाटल्या होत्या. एनिडबाईंची पहिली ठेवलेली, त्या सगळ्यांत वडील म्हणून.

सुरुवात करण्याआधी कोस्टा पुढे झाला. त्याने खिशातून छातीला चोळायच्या मलमाची डबी काढली.

"डॉक्टर, आधी हे ओळखून दाखवा. बायको म्हणते यात नुसतं मेण आहे, मी उगाच पैसे घालवतो."

लोक हसले. मर्व्हला नाही म्हणवेना. त्याने मलमाचा चांगला मोठा गोळा घेतला, जेमतेम विरघळवला आणि माझ्या तोंडात सोडला. मी सगळे ओळखले: कापूर, निलगिरी, मेंथॉल. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पण मलमातले मेण माझ्या काचेच्या नळीत चिकटून बसले आणि त्याच्यात मेंथॉल मुरून राहिले. ते मला जाणवत होते. घशात अडकल्यासारखे वाटत होते.

अशा वेळी एक साधी गोष्ट करायची असते. सुईत नमुना न घेता, नुसता पातळ करायचा द्रव घेऊन मला एकदा रिकामे चालवायचे. पडद्यावर रेघ सपाट आली तर मी स्वच्छ. नाही आली तर मला धुवायचे. मर्व्हला हे ठाऊक होते. इंटरनेटवरच्या मित्रांनी त्याला बजावले होते. त्याने ते वहीत लिहून खाली दोन रेघाही मारल्या होत्या. पण रिकामे चालवायचे म्हणजे अर्धा तास सपाट रेघेकडे बघत बसायचे. एवढी माणसे जमलेली, चहा निवत चाललेला. "आता अर्धा तास काही दिसणार नाही," असे त्यांना सांगायची मर्व्हला लाज वाटली. आणि त्याने एनिडबाईंची बाटली उघडली.

निलगिरीच्या पानात मेंथॉल नसते. मी लिहिले: मेंथॉल, ९४.

मर्व्हचा चेहरा पडला. लोकांना त्याने काही दाखवले नाही. बाकीच्या दोन बाटल्या तपासल्या. तोवर मलमाचा अंश कमी होत गेला होता. त्यांच्यातली मेंथॉलची टेकडी निलगिरीच्या डोंगराशेजारी इतकी लहान आली की मर्व्हला ती दिसलीच नाही. पहिल्या जागेचा मान मिळाला नसता, तर एनिडबाई वाचल्या असत्या.

त्याने समितीला कागद लिहून दिला: 'नमुना क्रमांक एक, बाहेरचा पदार्थ आढळला.' खाली सही केली: एम. टकवेल, रसायनतज्ज्ञ. हा शब्द त्याने आपल्या नावापुढे आयुष्यात पहिल्यांदा लिहिला होता.

समितीने एनिडबाईंची बाटली मांडणीतून काढून ठेवली. दुसऱ्याच दिवशी त्या शेडमध्ये आल्या. पायात धुळीचे बूट, हातात तो कागद. चहा पिणाऱ्यांनी कप खाली ठेवले.

"मर्व्ह, हे अक्षर तुझंच ना?"

"माझंच."

"बाहेरचा पदार्थ म्हणजे मी काय घातलं म्हणतोस? साखर?"

"मेंथॉल निघालं, एनिड. चौऱ्याण्णव जुळतंय. हे बघ, इथे डोंगर दिसतोय..."

"मेंथॉल मी आणणार कुठून? माझ्याकडे पाला आहे नि पाणी आहे."

"तू मुद्दाम घातलंस असं मी म्हणत नाही गं. पण यंत्राला कोणाची भीड नसते ना."

"बरं," एनिडबाई म्हणाल्या. त्यांनी कागदाची घडी घातली. "यंत्रच म्हणतंय म्हटल्यावर झालंच."

त्या गेल्या. कोणी थांबवले नाही. मित्रांनो, मला त्या वेळी ओरडायचे होते. पण माझा पंखा घरघरतो तेवढाच माझा आवाज. मी खोटे बोललो नव्हतो, मेंथॉल होतेच. पण ते कोस्टाच्या छातीचे होते, एनिडबाईंच्या पाल्याचे नव्हते, हे सांगायला माझ्या यादीत शब्द नाही. अर्धे खरे बोलून मी गप्प बसलो. पुऱ्या खोट्यापेक्षा ते वाईट.

बातमी कोस्टाच्या दुकानातून पाव-दुधाबरोबर घरोघर गेली. "एवढी वर्षं ही बाई आपल्याला बाम विकत होती होय?" "तरीच माझा खोकला जाईना." लोकांनी निळ्या बाटल्या कपाटात मागे सरकवल्या. एनिडबाई कोणाशी भांडल्या नाहीत. त्यांनी भट्टी लावायची बंद केली. कापून आणलेला पाला गाडीतच वाळून गेला. वारा त्या बाजूने आला तरी शेडमध्ये वास येईना.

"हवा बदलली बहुतेक," मर्व्ह म्हणे.

पाच आठवडे गेले. एका दुपारी मर्व्ह कोणाच्या तरी बागेतल्या रोझमेरी नावाच्या झुडपाचे तेल तपासायला बसला. गप्पांच्या नादात त्याने सुई धुतली आणि रोझमेरी न भरता, धुण्याचा द्रव आत असतानाच, माझ्या तोंडात टोचली. रेघ सपाट चालली होती. मग एका जागी एक लहानशी टेकडी उठली. मी लिहिले: मेंथॉल, ७१.

"वेडा झालास का रे?" मर्व्ह हसला. त्याने सुई पुन्हा धुतली आणि मुद्दाम पुन्हा तसेच केले. टेकडी पुन्हा आली. मर्व्हचे हसू मावळले. बाकीचे घरी गेल्यावर त्याने मला थंड होऊ दिले, तोंडाचे झाकण फिरवून काढले आणि काचेची नळी बाहेर ओढली. आत मधाच्या रंगाचा चिकटा बसला होता. त्याने ती नाकाशी नेली आणि मग तो जमिनीवरच बसला.

पुढे जे झाले ते सांगायला मला संकोच वाटतो, कारण मर्व्हवर माझे प्रेम आहे. त्याने उठून धाव घेतली नाही. नवी नळी बसवली. जुनी सदऱ्याच्या खिशात टाकली. माझ्यावर एक चादर ओढली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगितले, "बिघडलाय." दोन आठवडे तो तेच सांगत राहिला. आणि माझी लाज ऐका: मला बरे वाटले. चादरीखाली मला कोणी बघत नव्हते.

एका मंगळवारी कोस्टाने चादरीचे टोक उचलले.

"बिघडलाय म्हणतोस, मग याचा पंखा कशाला फिरतोय?"

त्याने खिशातून नळी काढून कोस्टाच्या हातात दिली. "वास घे."

कोस्टाने वास घेतला. "अरे, ही तर माझी छाती!" तो हसला, आणि हसता हसताच थांबला. "म्हणजे... एनिडचं ते..."

"हो."

"कधी कळलं तुला?"

"दोन आठवडे झाले."

"दोन आठवडे! आणि रोज माझ्या दुकानातून दूध नेतोस, हवापाण्याच्या गोष्टी करतोस? अरे, मी त्या बाईबद्दल काय काय बोललोय गावभर!" कोस्टा लाल झाला. "चल. मलम माझं होतं. मीच सांगतो तिला."

"मलम तुझं, पण सही माझी आहे. मी जाईन, कोस्टा. एकटा जाईन. तिच्या स्वयंपाकघरात बसून शांतपणे सांगीन."

"वा रे वा! बट्टा लावायचा चारचौघांत, नि माफी मागायची चोरून?"

मर्व्हने मान खाली घातली. "मग ते मला डॉक्टर म्हणणार नाहीत," तो म्हणाला. इतक्या हळू की ते मला आणि कोस्टालाच ऐकू गेले.

"नाही म्हणणार. गाढव म्हणतील. मी पहिला म्हणीन. चल, कागद काढ."

दुसऱ्या दिवशी कोस्टाच्या दुकानाच्या दारावर मर्व्हच्या अक्षरात सूचना लागली: 'गुरुवारी सकाळी दहा वाजता शेडमध्ये या. एनिड हॅरोपच्या तेलाबाबत मी काय चूक केली ते दाखवणार आहे.' खाली नुसते 'मर्व्ह' एवढेच लिहिले होते.

गुरुवारी चाळीसएक माणसे आली. एनिडबाईंना कोस्टा स्वतः जाऊन घेऊन आला. त्या दारापाशीच उभ्या राहिल्या. मर्व्हने सगळ्यांसमोर नवी नळी काढली आणि ती जुनी, चिकट नळी माझ्या तोंडात परत घातली. सुई धुऊन नुसता द्रव घेतला आणि टोचली. मग तो म्हणाला, "आता अर्धा तास बघत बसायचं." आणि ते सगळे बसले. स्कोन नव्हते, चहा नव्हता. पत्र्यावर कावळे चालत होते. मला माहीत होते काय येणार आहे. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटले, पंप बंद पडावा, वीज जावी, काहीही व्हावे. पण टेकडी आली. मी माझ्या हाताने लिहिले: मेंथॉल.

मर्व्ह उभा राहिला. "सुईत काही नव्हतं," तो म्हणाला. "तरी यानं मेंथॉल म्हटलं. कारण ते याच्याच घशात होतं. कोस्टाच्या मलमाचं. मी आधी याला रिकामा चालवायला हवा होता. मला माहीत होतं. वहीत लिहिलंय. तुम्ही कंटाळाल म्हणून चालवला नाही. एनिडच्या तेलात काही नव्हतं. आणि ते रसायनतज्ज्ञ... ते मीच लिहिलं होतं. मला कोणी केलं नव्हतं."

मागून कोणीतरी टाळी वाजवली. "शाब्बास मर्व्ह! कबूल करायला धमक लागते!" आणि सगळी शेड टाळ्या वाजवू लागली. दोघेतिघे येऊन त्याची पाठ थोपटू लागले. असा प्रामाणिक माणूस गावात आहे याचे त्यांना कौतुक वाटले. दारातली बाई कोणाच्या लक्षात राहिली नाही.

"बंद करा!" मर्व्ह ओरडला. त्याचा आवाज फाटला. "मला कसल्या टाळ्या वाजवताय? ती बघा तिकडे उभी आहे. सात आठवडे तुम्ही तिला चोर म्हणताय. एकजण तरी तिच्याकडे वळून बघाल का?"

टाळ्या थांबल्या. माणसे वळली. एनिडबाई गर्दीतून वाट काढत पुढे आल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिले. घोड्यांच्या मालकांनी माझ्याकडे रागाने पाहिले होते, पण त्याचे मला काही वाटले नव्हते. या बाईंच्या नजरेत रागही नव्हता.

"हा तो होय," त्या म्हणाल्या.

"एनिड, तुझी बाटली आण," मर्व्ह म्हणाला. "आता मी नीट धुऊन, सगळ्यांसमोर पुन्हा तपासतो. मग कोणाला शंकाच..."

"नको, मर्व्ह. माझ्या तेलात काय आहे ते मला ठाऊक आहे." "चूक होते. माझ्याही टाक्या करपल्यात की कितीदा. त्याचं मला काही नाही. पण चाळीस वर्षं ओळखतोस मला. नोरीनचे पाय मी याच तेलानं चोळत होते, तुझ्या डोळ्यांसमोर. तो कागद लिहायच्या आधी माझ्या दारात येऊन एकदा म्हणायचंस, 'एनिड, हे असं कसं आलं असेल गं?' मी म्हटलं असतं, चल, बघू या. आपण दोघांनी मिळून शोधलं असतं. तू याला विचारलंस. मला नाही विचारलंस."

एनिडबाई बाहेर गेल्या. कोस्टा त्यांच्यामागून धावला आणि त्यांच्याबरोबर फाटकापर्यंत चालत गेला. तो पूर्ण रस्ताभर गप्प होता, असे लोक आजही नवलाने सांगतात.

समितीने निळी फीत टपालाने पाठवून दिली. त्या हंगामात भट्टी लागली नाही. लागेल की नाही, मला माहीत नाही. मर्व्ह दर शनिवारी एनिडबाईंच्या फाटकाशी जाऊन उभा राहतो. कधी त्या आत बोलावतात, कधी लांबूनच हात हलवून नको म्हणतात. चादर मात्र त्याने माझ्यावर पुन्हा घातली नाही. गावात त्याला आता डॉक्टर म्हणत नाहीत.

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी उद्या माझ्यासारखे जुने यंत्र घरी आणील. जरूर आणा. आम्हाला तळघरापेक्षा तुमची शेड बरी. आम्हाला शुद्ध वायू द्या, थेंब पातळ करून द्या, काचेची नळी वेळेवर बदला. आणि कोणाचा कितीही खोळंबा होवो, आधी आम्हाला रिकामे चालवून बघा. इतके केले तरी आमचे सगळेच खरे धरू नका. माझ्या पडद्यावर कधी एखाद्या माणसाचे नाव घालवणारी रेघ उठली, तर सही करण्याआधी उठा, त्याच्या घरी जा आणि त्याला विचारा. तो काय म्हणतो ते ऐकून मग या. मला तापायला तसाही अर्धा तास लागतो. मी थांबेन.